संगीतशाळेचा उंबरठा

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगीत विभागात दाखल होणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना, मग तो पुढे व्हायोलिन वाजविणार असो वा शाळेत गाणे शिकविणार असो, ‘म्युझिक थिअरी’ हा विषय पहिल्या दोन वर्षांत घ्यावाच लागतो. सोप्या शब्दांत, संगीताचे व्याकरण. हे व्याकरण कोणाच्या गाण्यावरून रचले गेले आणि ते न जाणणाऱ्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार व्याकरणकारांना कोणी दिला, असा रोखठोक प्रश्न न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातील प्राध्यापक फिलिप युएल यांनी विचारला आहे. ‘ऑन म्युझिक थिअरी, अँड मेकिंग म्युझिक मोअर वेलकमिंग फॉर एव्हरीवन’ हे त्यांचे पुस्तक २०२३ साली प्रसिद्ध झाले. युएल स्वतः कृष्णवर्णीय आहेत, चेलोवादक आहेत आणि येल विद्यापीठात याच विषयात डॉक्टरेट मिळविलेले आहेत. ज्या घराची ते झडती घेतात त्या घरात ते वाढले आहेत, हे विसरून चालणार नाही.

२०२० सालच्या आपल्या लेखात त्यांनी एक साधी मोजणी मांडली होती. सर्वाधिक खपाच्या सात पाठ्यपुस्तकांत संगीताची २,९३० उदाहरणे आहेत. त्यांतील गोरेतर रचनाकारांची अवघी ४९. ज्या देशाने जगाला ब्लूज, जॅझ आणि गॉस्पेल दिले, त्या देशातील ही पुस्तके आहेत! परंतु संख्येपाशी युएल थांबत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. ४९ च्या जागी ४९० उदाहरणे छापली तरी मोजपट्टी तीच राहिली, तर नव्याने आत घेतलेले पाहुणे जुन्याच मापाने तोलले जाणार, असे त्यांचे म्हणणे आहे.

ते मला पटते. समजा, एक मुलगा वयाच्या दहाव्या वर्षापासून आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवितो. कोणतेही गीत एकदा ऐकले की गाणाऱ्याच्या पट्टीत उचलतो. प्रवचन चालू असताना धर्मगुरूच्या आवाजाखाली हळुवार साथ धरतो. त्याला पाश्चात्त्य स्वरलेखन मात्र वाचता येत नाही. प्रवेशपरीक्षेत त्याची ‘तयारी कमी’ ठरते. त्याच्याइतके कान तयार असलेले परीक्षकांत किती असतील, ही शंका कोणी घेत नाही. हार्वर्डच्या संगीत विभागाने २०१७ साली आपल्या अटी सैल केल्या, तेव्हा ‘दर्जा घसरला’ अशी ओरड झाली. दर्जा म्हणजे नेमके काय, हे ओरडणाऱ्यांनी सांगायला हवे होते.

युएल यांचा सर्वांत गाजलेला हल्ला आहे तो हाइन्रिख शेंकर (१८६८–१९३५) या व्हिएन्नाच्या सिद्धान्तकारावर. रचनेतील सर्व स्वर समान मोलाचे नसून वरच्या स्वरांमागे खोल स्तरांची उतरंड असते, ही शेंकरची शिकवण. मानववंशांचीही अशीच उतरंड असते, असे तो लिहून गेला. त्याच्या अखेरच्या ग्रंथाचा १९७९ साली इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा अडचणीचे काही उतारे परिशिष्टात सारण्यात आले. ही झाकपाक उघडी पाडली, हे युएल यांनी योग्यच केले. पण स्वरांची उतरंड ही वंशांच्या उतरंडीतूनच जन्मली, हे त्यांचे अनुमान ओढूनताणून केलेले वाटते. सिद्धान्त खरा की खोटा, हे कानाने पारखायचे असते. शिवाय शेंकर ज्यू होता. त्याची पत्नी १९४५ साली तेरेझिनच्या नाझी छावणीत मरण पावली. हे दुःख त्याच्या लेखनातील विष धुऊन काढत नाही, पण ‘गोरा’ हा शब्द किती अपुरा आहे, हे दाखविते.

या वादात विद्वानांचे वागणे शोभले नाही. शेंकरच्या नावाने चालणाऱ्या नियतकालिकाने २०२० साली युएल यांच्यावर प्रतिसादांचा एक विभागच छापला. बरेचसे लेखक तुटून पडलेले, एक तर निनावी; आणि युएल यांना उत्तराचे साधे निमंत्रणही नाही. पुढे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

बेथोवन हा सरासरीहून वरचा रचनाकार होता, एवढे म्हणणे पुरे, असेही युएल लिहितात. येथे मात्र माझा त्यांच्याशी मतभेद आहे. संत कॅथरिन ड्रेक्सेल यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये १९१५ साली कृष्णवर्णीयांसाठी काढलेली शाळा १९२५ मध्ये कॉलेज झाली; तेच आजचे झेवियर विद्यापीठ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर मॅरियन अँडरसन ही कृष्णवर्णीय गायिका उभी राहायला १९५५ साल उजाडले. त्याआधी कित्येक वर्षे झेवियरचे विद्यार्थी ऑपेरा सादर करीत होते. त्यांना शिकविणाऱ्या भगिनींना ते संगीत गोऱ्यांची मालमत्ता वाटले नाही, त्या विद्यार्थ्यांनाही नाही. बेथोवनला खाली खेचल्याने चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारा तो मुलगा वर येत नाही. त्याची परीक्षा बदलावी लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उपासनाविषयक संविधान (१९६३) मला येथे आठवते. त्याच्या ११६ व्या परिच्छेदात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान आहे. आणि ११९ व्या परिच्छेदात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला यथायोग्य महत्त्व द्यावे व मिशनऱ्यांना तिची जोपासना करता येईल असे शिक्षण द्यावे, असा आग्रह. तीन परिच्छेदांच्या अंतरावर दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात. त्याच वाटेने आपल्या मिस्सेत तबला आणि हार्मोनियम आले. (हार्मोनियमही मूळची युरोपचीच, हे आपण सोयीस्करपणे विसरतो!) एखाद्या परंपरेवर प्रेम करणे आणि तिला पहारेकरी बनविणे, यांतील फरक युएल यांच्या रागात कधी कधी पुसला जातो.

पुस्तकाची भाषा स्पष्ट आहे, पुनरुक्ती मात्र फार. मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते सर्वांना विनामूल्य वाचण्यास खुले ठेवले आहे. मुलांना पियानो-व्हायोलिनच्या परीक्षांना बसविणाऱ्या आपल्या पालकांनी, आणि गायनवृंदासाठी मुले निवडणाऱ्यांनीही, निदान पाठ्यपुस्तकांविषयीचा भाग वाचावा. शेंकरविषयीचा भाग थोडा सावधपणे वाचावा.