शेखच्या घरची पाहुणी

पाहुण्याने घरच्या गोष्टी चार लोकांत सांगू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. ज्याच्या पाटावर बसून जेवलो त्याच्या आमटीला मीठ कमी होते, हे वेस ओलांडल्यावरही बोलू नये. आणि गंमत अशी की, प्रवासवर्णन म्हणून जे आपण हौसेने वाचतो ते बव्हंशी हा संकेत मोडूनच उभे राहिलेले असते. दिवाळीचे दिवस पाहुण्यारावळ्यांचे. म्हणून या निमित्ताने अशाच एका पाहुणीच्या पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

ही पाहुणी अमेरिकन. नाव एलिझाबेथ वॉर्नॉक फर्निया. नवरा रॉबर्ट हा शिकागो विद्यापीठाचा विद्यार्थी. मानववंशशास्त्राच्या प्रबंधासाठी तो दक्षिण इराकमधल्या एका खेड्यात राहायला निघाला आणि नुकतेच लग्न झालेली ही मुलगी त्याच्याबरोबर गेली. १९५६ ते १९५८ ही दोन वर्षे तिने त्या खेड्यात, शेखच्या वाड्यालगतच्या मातीच्या दोन खोल्यांत काढली. त्या दिवसांचे ‘गेस्ट्स ऑफ द शेख’ हे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. नवऱ्याचा ग्रंथ १९७० साली आला. पाटबंधारे, टोळीतली सत्ता, शेख आणि सरकारी अंमलदार यांच्यातली ओढाताण हा त्याचा विषय. तो ग्रंथ अभ्यासक चाळतात. बायकोचे पुस्तक मात्र आजही आवडीने वाचले जाते. घरोघरच्या नवरेमंडळींनी याचा अवश्य विचार करावा!

पुस्तकाच्या प्रारंभीच बुरख्याचा प्रसंग आहे. बगदादहून निघालेल्या रात्रीच्या आगगाडीत नवऱ्याने आणलेला काळा ‘अबाया’ तिला अंगावर घ्यायचा आहे. स्वतंत्र वृत्तीच्या, शिकलेल्या मुलीला याचा संताप येणारच. दुसरी एखादी लेखिका असती तर येथे दोन पाने व्याख्यान झोडून मोकळी झाली असती. फर्नियाबाई तसे करीत नाहीत. राग आला, तरी अबाया पांघरला आणि तो सारखा डोक्यावरून घसरत राहिला, एवढेच त्या सांगतात. त्या घसरणाऱ्या कापडात जे आहे ते व्याख्यानात आले नसते.

पुढे ती शेखच्या जनानखान्यात जाते. येथून पुस्तक खरे रंगू लागते, आणि मराठी वाचकाला, विशेषतः वाचिकेला, काहीतरी फार ओळखीचे वाटू लागते. त्या बायका या गोऱ्या मुलीला पारखून घेतात. मूल नाही. अंगावर सोने म्हणावे तसे नाही. अंगलट काटकुळी. भात धड शिजवता येत नाही. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: हिची आई कुठे आहे? आईला इतक्या लांब सोडून ही पोर येथे एकटी कशी आली? अमेरिकेतून आलेली बाई या परदानशीन बायकांची कीव करणार असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात त्याच हिची मनापासून कीव करतात. ही उलटापालट लेखिकेने कोठेही अधोरेखित केलेली नाही. आपण वाचता वाचता हसतो आणि मग ध्यानात येते की, ही तर सासुरवाशिणीची कहाणी आहे! नवे घर, नवी भाषा, कोणाच्या पाया पडायचे आणि कोणापुढे हसायचे हे न कळण्याची ती धांदल, आणि एक दिवस भात जमला म्हणजे होणारा तो आनंद. आमच्या आजीने जात्यावर बसून जे गायिले असेल त्याच जातीचा हा अनुभव आहे. एका मानववंशशास्त्रीय पुस्तकाला ‘माहेरवास संपल्यानंतरची पहिली दोन वर्षे’ असे नाव शोभावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

लेखिकेला त्या शास्त्राची पदवी नव्हती हे एका अर्थी बरेच झाले. पुरुषांच्या बैठकीत नवऱ्याला जे कधीच दिसले नसते ते तिला दिसले. चाळिसाव्याच्या यात्रेला ती बायकांबरोबर करबल्याला जाऊन आली. त्या गर्दीचे, थकव्याचे आणि श्रद्धेचे वर्णन वाचताना मला आषाढीची वाट आठवली. ही तुलना कोणाला खटकली तर त्याने आधी पुस्तक वाचावे आणि मग माझ्याशी भांडावे.

पण गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. पाहुणी झाली तरी ती शेखची पाहुणी आहे, शेखच्या कुळांची नव्हे. त्या काळी दक्षिण इराकमध्ये जमिनीचे मोठमोठे पट्टे शेखांच्या हाती होते आणि कसणारा कर्जात बुडालेला होता. बगदादमधली राजसत्ता १४ जुलै १९५८ रोजी रक्तपातात उलथून पडली आणि लगोलग जमीनसुधारणेचा कायदा आला, तो काही आकाशातून पडला नाही. पुस्तकात गरिबी आहे; परंतु ती बागेच्या भिंतीवरून पाहिल्यासारखी, फिकट. ज्या घराने आसरा दिला त्याच्याविषयी कठोर लिहिणे बाईंना जड गेले असावे. माणूस म्हणून ते त्यांना शोभते. लेखिका म्हणून त्याची किंमत पुस्तकाला द्यावी लागली.

पॉल रॅबिनो हा शिकागोचाच दुसरा विद्यार्थी. १९६८ साली तो मोरोक्कोत सेफ्रू गावी गेला आणि १९७७ साली त्याने आपल्या तिथल्या दिवसांविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात एका लग्नाच्या रात्रीचा प्रसंग आहे. प्रकृती बरी नाही, झोप अनावर झाली आहे, आणि ज्याच्या मदतीवर सगळा अभ्यास चालला आहे तो अली काही निघायचे नाव घेत नाही. परतताना गाडीत अली पुन्हा पुन्हा विचारतो, ‘तू खूश आहेस ना?’ अखेर या विद्यार्थ्याचा तोल जातो, आणि अली गाडीतून उतरून रात्रीचा पायी चालू लागतो. सगळे संपले असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी समेट होतो, आणि नवल असे की, त्यानंतर दोघांची मैत्री अधिक घट्ट होते. सदैव गोड बोलणाऱ्या पाहुण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे त्या तरुणाला त्या रात्री कळले. बाकी पुस्तक बरेच तात्त्विक आहे. फराळाचे ताट पुढे ठेवून वाचण्याजोगे नाही.

आता आपला विद्यार्थी. अमिताव घोष १९८० साली ऑक्सफर्डहून इजिप्तमधल्या एका खेड्यात गेले, आणि १९९२ साली त्यांचे ‘इन अॅन अँटीक लँड’ आले. अमेरिकन पाहुण्याच्या पाठीशी त्याच्या देशाची श्रीमंती उभी असते. याच्या पाठीशी काय? गावकरी याला विचारतात: तुम्ही गाय पूजता म्हणे? मेलेल्या माणसाला जाळता? खरेच? बिचारा पुरता हैराण होतो. एकदा मात्र त्याचे भाग्य उघडते. गावात कोणीतरी हिंदुस्थानी बनावटीचा पाण्याचा पंप घेतलेला असतो, आणि यंत्र हिंदी म्हणजे पारखीही हिंदीच हवा, म्हणून याला सन्मानाने नेले जाते. यंत्रातले ओ की ठो न कळणारा हा विद्वान गंभीर चेहऱ्याने त्या पंपाभोवती फिरतो. मला तर वाचताना किर्लोस्करवाडीच आठवली! पुढे गावातल्या इमामाशी त्याचा वाद होतो आणि तो वाद कोणाच्या देशाकडे अधिक बाँब आणि तोफा आहेत यावर घसरतो. दोन जुन्या संस्कृतींचे वारस, आणि मोठेपणाचे माप म्हणून दोघांच्याही हाती उरले ते पाश्चात्त्यांचे. या प्रसंगी घोष स्वतःला सोडत नाहीत, म्हणून तो प्रसंग मनात रुतून बसतो.

या पुस्तकाची दुसरी धार बाराव्या शतकातली आहे: बेन यीजू हा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी एडनहून मंगळूरला येऊन राहिला, त्याची आणि बोम्मा नावाच्या त्याच्या गुलामाची कथा. कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये साठलेल्या जुन्या पत्रांतून ती जुळवलेली आहे. ती वाचताना आपल्या किनाऱ्याची आठवण न झाली तरच नवल. बगदादचा अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, आपल्या चौलला येऊन गेला. त्याने तिचे नाव ‘सैमूर’ असे लिहिले आहे आणि तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असे नोंदवले आहे. डहाणूजवळच्या चिंचणीत सापडलेल्या शके ८४८च्या ताम्रपटावरून दिसते की, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी एक ताजिक म्हणजे अरब होता. त्याचे मोहंमद हे नाव आपल्या लेखनिकाने ‘मधुमती’ करून टाकले! इतके सुंदर भाषांतर आज कोणी करील काय? बोरिवलीहून विरारच्या गाडीत बसले की नालासोपारा लागते. अरब भूगोलकारांचे ‘सुबारा’ ते हेच. तेव्हा अरब आणि आपण हे पाहुणे-यजमानांचे नाते काही शिकागोच्या विद्यापीठाने शोधून काढलेले नाही.

घोषांच्या पुस्तकाचा शेवट मात्र जुन्या काळात होत नाही. त्या इजिप्शियन खेड्यातली तरुण पोरे पोटासाठी इराकला गेलेली असतात. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण होते, आणि गावातली मंडळी दूरचित्रवाणीपुढे बसून, इराकमधून पळणाऱ्या माणसांच्या लोंढ्यात आपला नबील दिसतो का, हे पाहत राहतात. तो दिसत नाही.

हे पान मला दोनदा वाचावे लागले. कारण त्याच दिवसांत अम्मानहून निघालेली एअर इंडियाची विमाने आमच्या या उपनगरात, अंधेरीच्या सहार विमानतळावर, कुवेतमधल्या आपल्या लोकांना घेऊन उतरत होती. लाखाहून अधिक माणसे अशी परत आली. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यांपैकीच. बारा वर्षे तेथे हिशेबनीस होते. आले तेव्हा हातात एक पिशवी होती. घोषांचे पुस्तक वाचून झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि पंपाची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले. मग मी विचारले, “बारा वर्षांत एखाद्या अरबाच्या घरी जेवायला गेला असाल ना?”

“एकदा,” ते म्हणाले. “साहेबाच्या मुलाच्या लग्नात. पण तिथे सगळे आम्हीच होतो, ऑफिसातले. घरची माणसे आत होती.”

फर्नियाबाईंचे पुस्तक मी त्यांना देऊन आलो आहे. महिना झाला, अजून परत आलेले नाही. परवा जिन्यात वहिनी भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. त्या मुलीला शेवटी भात जमला का, तेवढे सांगू नका.”