दिवस चौथा : न्याहारीनंतर प्रस्थान

मराठी समीक्षकांनी कादंबरी, कविता, नाटक, झालंच तर वगनाट्य आणि भारूड यांचीसुद्धा यथास्थित दखल घेतलेली आहे. पण मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात ज्या वाङ्मयप्रकारावर सर्वांत जास्त पैसे घालवतो, त्याकडे मात्र एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. हा प्रकार म्हणजे सहलीची कार्यक्रमपत्रिका. कादंबरीला तीनशे रुपये मोजताना आपण दुकानात उभ्या उभ्या निम्मी वाचून काढतो. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र प्रॉव्हिडंट फंडाचा लचका तोडून देतो, आणि तोही पहिलं पान वाचून.

इटलीच्या किनाऱ्यावर जायचं आमच्या घरात ठरलं (ठरवलं हिनं, ठरलं घरात), तेव्हा या प्रकारातल्या तीन कृती माझ्या हाती आल्या. पहिली, एका सहल कंपनीचं गुळगुळीत कागदावरचं रंगीत पत्रक. दुसरी, न्यू जर्सीच्या भाच्यानं संगणकावर आखून धाडलेला तक्ता. आणि तिसरी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं टिपण. काका रेल्वेत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. पण जगातलं कुठलंही वेळापत्रक त्यांच्या हाती द्या, ते ज्ञानेश्वरीसारखं लावून वाचतात.

पत्रकापासून सुरुवात करू. त्यातला उतारा असा : ‘दिवस चौथा : न्याहारीनंतर प्रस्थान. चिंक्वे तेर्रे या पाच रमणीय गावांचे बोटीतून दर्शन. दिवस पाचवा : न्याहारीनंतर प्रस्थान. अमाल्फी किनारा आणि पोझितानो. नयनरम्य देखावे.’ शैली अत्यंत आटोपशीर. क्रियापदांना तर थाराच नाही. पण लेखकाचं खरं सामर्थ्य चौथा दिवस संपून पाचवा लागतो त्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. चिंक्वे तेर्रे वर लिगुरियात, जिनोआच्या खाली. अमाल्फी पार नेपल्सच्या पुढे. मध्ये फ्लॉरेन्स नाही म्हटलं तरी रोम येतं, आणि पाचशेहून जास्त किलोमीटर येतात. सकाळी डहाणूला चिकू खाऊन वेंगुर्ल्याला देखावे पाहायला जावं, तसला हा प्रकार. नवकथेत म्हणे न सांगितलेल्या गोष्टींना फार महत्त्व असतं. त्या कसोटीवर हे पत्रक नवकथेच्या फार पुढे गेलेलं आहे.

मग तो ‘दर्शन’ शब्द. पाच गावं म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. पैकी कोर्निल्या कड्यावर बसलेलं आहे, समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच. त्याला बंदर नाही, त्यामुळे बोट तिथे लागतच नाही. रेल्वे स्टेशन खाली, गाव वर, आणि मध्ये पावणेचारशेहून अधिक पायऱ्या. (लहानशी बसही आहे, पण जागा मिळेल तेव्हा.) पत्रकलेखकाला हे ठाऊक असलं पाहिजे, कारण त्यानं ‘भेट’ हा शब्द टाळून ‘दर्शन’ लिहिलं आहे. पंढरपुरात रांग फारच मोठी असली की माणूस कळसाला हात जोडून परततो, त्यातलं हे दर्शन. खोटं म्हणता येत नाही. पण कळसदर्शनाला पंढरीत पैसे पडत नाहीत.

याच गावांमध्ये रिओमाज्जोरे ते मानारोला अशी कड्याच्या कडेनं जाणारी एक किलोमीटरभर वाट आहे, तिचं नाव ‘प्रेमाची वाट’. सप्टेंबर २०१२मध्ये वरून दरड कोसळून चार पर्यटक जखमी झाले आणि वाट बंद झाली, ती २०२४मध्ये उघडली. आता तिकीट काढून, नेमून दिलेल्या वेळेला तिच्यावरून जायचं असतं. माझ्या संग्रहात २०१६चं एक पत्रक आहे. त्यात बंद असलेल्या या वाटेवरून ‘हातात हात घालून’ फिरवून आणण्याचं आश्वासन आहे. आधीच्या वर्षाच्या पत्रकात नुसती तारीख बदलली की वाङ्मय कालातीत होतं, त्याचा हा नमुना.

आणि ‘रमणीय’ म्हणजे काय, हे मात्र कुठेच नाही. त्या उतारांवर शेकडो वर्षं माणसांनी दगडावर दगड रचून बांध घातले, चुना नाही, सिमेंट नाही. आपल्या कोकणात गडगे घालतात तसे. त्या बांधांवर माती धरली, मातीत द्राक्षं लावली. फोटोत आपण जे हिरवं पाहतो ते हेच. तरुण पोरं शेती सोडून खोल्या भाड्यानं द्यायला लागली, बांध ढासळायला लागले, आणि ढासळलेला बांध पावसात खाली येतो. २५ ऑक्टोबर २०११ला धो धो पाऊस होऊन चिखल-दगडांचा लोंढा वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या घरांत शिरला, माणसं गेली. पत्रकात याची एक ओळ असती तर त्या बोटीतून बांधांकडे कुणी निदान पाहिलं तरी असतं.

इथे या वाङ्मयप्रकाराच्या आद्य आचार्यांची आठवण काढणं भाग आहे. त्यांचं नाव बेडेकर. लोणच्याशी संबंध नाही. हे जर्मन, कार्ल बेडेकर, जन्म १८०१. यांची लाल पुस्तकं हातात धरून एकोणिसाव्या शतकातला युरोप हिंडला. पाहण्यासारख्या स्थळांना नावापुढे तारे द्यायची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यांची एक आख्यायिका सांगतात : मिलानच्या कॅथीड्रलवर चढताना ठरावीक पायऱ्या झाल्या की ते एका खिशातला वाटाणा दुसऱ्या खिशात टाकायचे, म्हणजे पायऱ्यांची मोजदाद चुकायला नको. मला हा गृहस्थ फार थोर वाटतो. ज्यांना गुडघे आहेत अशी माणसं आपलं पुस्तक वाचणार आहेत, हे त्यानं ध्यानात ठेवलं. बेडेकरांच्या वंशजांनी तारे तेवढे उचलले, वाटाणे टाकून दिले.

भाच्याचा तक्ता ही वेगळ्याच प्रकृतीची कृती. पत्रक स्वच्छंदवादी, तर हा कट्टर वास्तववादी. ‘१०.४० ते ११.०५ वेर्नात्सा (फोटो). ११.१२ गाडी. ११.२० ते ११.४५ मोंतेरोस्सो (फोटो, आइस्क्रीम).’ गाड्यांच्या वेळा बिनचूक. एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी खरोखरच चार-पाच मिनिटांत जाते. जिनोआ ते ला स्पेत्सिया ही लाईन १८७४ साली पुरी झाली, तोवर या गावांना यायला बोट नाहीतर पाऊलवाट. पण भाच्याला एक गोष्ट तक्त्यात बसवता आली नाही, ती म्हणजे ही गाडी जवळजवळ सगळा वेळ बोगद्यात असते. समुद्र दिसला असं म्हणेपर्यंत काळोख. वेर्नात्साचा तर फलाटसुद्धा काही भाग बोगद्यात आहे. मागच्या डब्यातल्या माणसाला बाहेर अंधार दिसतो, स्टेशन आलंय यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो तसाच पुढच्या गावी पोचतो. तिथून पुढचे सगळे रकाने कोसळतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखे.

तक्त्यात पाऊस नाही. बाथरूम नाही. गर्दी नाही. आणि संप नाही. इटलीत संप ही ऋतूसारखी येणारी गोष्ट आहे, पण बेशिस्त मुळीच नाही. संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरलेल्या लोकल गाड्या संपातही सोडाव्या लागतात. हे मी काकांना वाचून दाखवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी १९७४चा वीस दिवसांचा देशव्यापी संप पाहिलेले काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “संपालासुद्धा टाइमटेबल! देश मोठा आहे हो.”

भाच्याशी फोनवर चर्चा झाली ती याच तक्त्यावरून. मी म्हटलं, दोन किनाऱ्यांपैकी एक गाळू या. तो म्हणाला, “मामा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुन्हा इतक्या लांब येणं होणार आहे का तुमचं? मग दोन्ही उरकून घ्या ना.” त्याचं म्हणणं खरं होतं. माझं वय सदुसष्ट, हिचं चौसष्ट, आणि हिच्या उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी पुढच्या दिवाळीचा वायदा दिलेला. मी काहीतरी गुळमुळीत बोलणार तेवढ्यात हिनं फोन घेतला. “अरे, पुन्हा होणार नाही म्हणूनच म्हणतेय. एकच बघायचं आणि नीट बघायचं. उरकायला ती काय धुणीभांडी आहेत?”

चिंक्वे तेर्रे त्या रात्री गळलं. समीक्षेत इतका निर्णायक अभिप्राय मी फारसा वाचलेला नाही.

आता तिसरी कृती. काकांच्या टिपणाची पहिलीच ओळ अशी : ‘अमाल्फीला रेल्वे नाही.’ जे नाही तिथून सुरुवात करणारा हा या क्षेत्रातला बहुधा पहिलाच लेखक. पुढे : ‘सालेर्नोला आहे. सबब मुक्काम सालेर्नो. स्टेशनजवळ, सपाट जागा, बॅग ओढणे सोपे. बोटीचा धक्का चालत. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणून मे. समुद्र खवळल्यास बोट नाही, बस आहे. बसचे तिकीट चढण्यापूर्वी घेणे. ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. शनिवारीच घेऊन ठेवणे.’ पोझितानोत हॉटेल का नको, याचंही उत्तर एका ओळीत : ‘गाव म्हणजे जिना आहे.’ हे वाक्य मी तिथे जाऊन पडताळून पाहिलं. एका शब्दाचाही फरक करायची गरज नाही. चाकांच्या भल्या मोठ्या बॅगा कडेवर घेऊन पायऱ्या उतरणारी माणसं मी तिथे पाहिली. चेहरे असे, की बॅगेला चाकं आहेत याचा त्यांना अपमान वाटत असावा.

टिपणातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य असं : ‘सोर्रेंतोहून अमाल्फीस बसने गेल्यास उजव्या हाताला बसणे. समुद्र त्या अंगाला.’ पत्रकात सतरा विशेषणं आहेत. ही माहिती नाही. तीसेक किलोमीटरचा तो रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली समुद्र, दीड तास तरी घेतोच. डाव्या हाताला बसलेल्यांना दीड तास कातळ दिसतो. नयनरम्य असेलही. दोन बसेस समोरासमोर आल्या की एक मागे सरकते, आरशाला आरसा लागेल इतक्या जवळून दुसरी निघून जाते, आणि उजव्या हाताचे प्रवासी आपापल्या दैवताचं नाव घेतात. आपला एस.टी.चा ड्रायव्हर तिथे सहज नोकरी करू शकेल. गर्दी इतकी, की २०२२मध्ये मोसमातल्या ठरावीक दिवसांना मोटारींसाठी सम-विषम नंबराचा नियम आला.

पोझितानो प्रसिद्ध झालं तेही लेखनामुळेच. १९५३मध्ये जॉन स्टाइनबेकनं एका अमेरिकन मासिकात त्यावर लेख लिहिला. अशा गोष्टी लेखकांनी खाजगीत ठेवायला शिकलं पाहिजे.

टिपणातले दोषही दाखवणं समीक्षकाचं कर्तव्य आहे. काकांनी रावेल्लो गाळलं होतं, कारण ते डोंगरावर आणि बस बदलावी लागते. १८८०मध्ये वाग्नर तिथे व्हिला रुफोलोच्या बागेत गेला, आणि आपल्या ‘पार्सिफाल’मधली जादूची बाग त्याला तिथे सापडली. हिनं टिपणाच्या समासात शाईच्या पेनानं लिहिलं : ‘रावेल्लो. मी जाणार.’ काकांनी ती दुरुस्ती सही करून मान्य केली. दुसरा दोष सौंदर्यदृष्टीचा संपूर्ण अभाव. पण प्रत्येक दिवसाखाली गावाचं एकच नाव होतं, आणि त्याच्याखाली ‘उरलेला वेळ : बसणे.’ आम्ही बसलो. अमाल्फीच्या कॅथीड्रलला बासष्ट पायऱ्या आहेत. ही त्यातल्या चौदाव्या पायरीवर तासभर बसली आणि वर काय आहे ते मला बघून येऊन सांगायला लावलं.

तिन्ही कृतींत न आलेली एक गोष्ट मी तिथे पाहिली. पोझितानोच्या वरच्या थांब्यावर दुपारी आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. आमच्यापुढे चाळीसेक प्रवासी, आणि मागे एक म्हातारी, हातात भाजीची पिशवी. पहिली बस भरलेली आली, थांबलीच नाही. दुसरी थांबली, तिच्यात सगळे रेटून चढले, दार लागलं, म्हातारी खालीच. तिला बहुधा दोन थांबे पुढे जायचं असावं. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत एकच ओळ होती : घरी जाणे. हिनं बसच्या मागच्या काचेतून तिला पाहिलं आणि अमाल्फी येईपर्यंत समुद्राकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बोटीनं गेलो. बोट थोडी महाग पडते, पण तिच्यात भाजीच्या पिशव्या फारशा नसतात.

परत आल्यावर काकांना मी लिंबाच्या मद्याची बाटली दिली, ती त्यांनी देवाच्या कपाटामागे ठेवली. प्रवास कसा झाला ते त्यांनी विचारलं नाही. बोट वेळेवर सुटत होती का, एवढंच विचारलं. सध्या ते सिसिलीच्या वेळापत्रकात आहेत. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, म्हणून रेल्वेगाडी डब्याडब्यांनी तोडून प्रवाशांसकट बोटीत चढवतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात, हे वाचल्यापासून त्यांना झोप नाही. काल रात्री साडेदहाला वरून फोन आला.

“डबे जातात ते कळलं हो,” काका म्हणाले, “पण इंजिन? इंजिन अलीकडेच राहतं की काय?”