आधी ट्याहां, मग झबलं

पुण्यात २०१० साली सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी लहान मुलांच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'फर्स्टक्राय', म्हणजे बाळाचा पहिला टाहो. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर श्री असते, लक्ष्मी असते, समर्थ असतात; रडणं कुणी लिहीत नाही. तरी हे नाव चाललं. मला त्याचं कारण त्यातल्या वेळेत दिसतं. पहिलं रडणं ऐकू आलं म्हणजे बाळ आलं, जिवंत आलं, आता हौस करायला हरकत नाही.

ही हरकत काय होती, ते मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. रिकामा पाळणा हलवायचा नाही. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं नवं कापड घरात आणायचं नाही. पहिलं झबलं आजीच्या नऊवारीतून निघायचं, दुपटीही त्याच लुगड्यांची. वर्षानुवर्षं धुऊन सुती लुगडं असं मऊ पडायचं की कोवळ्या कातडीला त्याहून बरं काही नसे. पण मऊपणा हे अर्धंच कारण. मुलं दगावत. सटवीचं लक्ष जाईल असं काही करायचं नाही, म्हणून जुनं. ज्या घरातलं मूल धडधाकट वाढलं, त्याचं झबलं मुद्दाम मागून आणत. कापडाची पत ते आधी कुणीतरी अंगावर घातलेलं असण्यात होती.

नवेपणा विकणाऱ्याची इथे पंचाईत होते. कंपनीनं तीतून काढलेली वाट मला तिच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा हुशारीची वाटते. प्रसूतिगृहात नव्या आईच्या हाती एक भेटपेटी द्यायची; आत वस्तूंचे नमुने आणि सवलतीची कुपनं. पेटी येते ती बाळ झाल्यावर, म्हणजे एकही रीत न मोडता. बाळंतविडा घेऊन निघालेली आत्या अजून एसटीत असते, तेव्हा ही खाटेपाशी पोचलेली असते. पुढे अमिताभ बच्चन जाहिरातीचा चेहरा झाले आणि प्रतिमेला आजोबाही मिळाले. दुसऱ्यांचा माल विकता विकता उभा केलेला स्वतःचा ब्रँड 'बेबीहग'. आधी रडणं, मग मिठी! नावांचा हा क्रम ठरवून साधला की साधला गेला, कोण जाणे. पण बाळंतिणीच्या खोलीत गोष्टी याच क्रमानं घडतात.

महिंद्रांचं 'मॉम अँड मी' याच काळातलं. तिथे गरोदर बाईचे कपडेही मिळत. नावाच्या केंद्रस्थानी आई होती. महिंद्रांनी नंतर 'बेबीओये' घेतलं आणि २०१६ मध्ये तो सगळा व्यवसाय ३६२ कोटी रुपयांच्या व्यवहारात फर्स्टक्रायकडे गेला. धंदा नुसत्या नावावर चालत नाही, भांडवल आणि गोदामं लागतात, हे मान्य. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ४६५ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारात ६५१वर उघडला. बारशाच्या आहेराचा हिशेब आता दलाल स्ट्रीटवरही होतो.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे, मानेमागच्या चिठ्ठीशी. या एकाच कंपनीचा तो दोष नाही, तयार कपड्यांच्या साऱ्या व्यापाराचा आहे. झबल्याला बंद असत. बाळ भरलं की बंद सैल बांधायचे; एक झबलं अर्धं वर्ष पुरायचं आणि मग धाकट्या चुलतभावाकडे जायचं. तयार कपड्यावर मात्र महिने छापलेले: ०-३, ३-६, ६-९. मापासाठी सोय म्हणून आलेली ही भाषा खरेदीचं पंचांग होते. आणि मोजपट्टीही. कोळवणला एका बारशाला आहेराचं पुडकं उघडलं, तेव्हा बायकांनी आधी कपडा उलटा करून चिठ्ठी वाचली, मग बाळाकडे पाहिलं. "तीन महिन्यांचं आहे, याला कधी व्हायचं?" बाळ बारीक होतं. अंगणवाडीत वजन होतं, तिथे निदान ताई चार शब्द समजुतीचे बोलते; चिठ्ठी काही बोलत नाही. त्या आईनं कपडा घडी करून उशीखाली ठेवला.

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शेगडीवर डालगं पालथं घालून वाळवलेले लंगोट, त्यांचा धूर आणि रात्री तिसऱ्यांदा ओलं झालेलं अंथरूण ठाऊक आहे. आषाढात पौडच्या रस्त्यानं डायपरचं खोकं घेऊन येणारा मोटारसायकलवाला बाळंतिणीला पाहुण्यापेक्षा प्रिय असेल, तर नवल नाही. वेखंड-ओव्याची धुरी घेतलेल्या दुपट्याचा वास मला आवडतो. पण ती धुरी मी कधी घातलेली नाही, दुसऱ्या कुणीतरी खोकत घातली.

एका जागी मात्र बाजारालाच वाकावं लागलं. तान्ह्यांच्या तयार कपड्यांची प्रतिमा पांढरी, गुलाबी, आकाशी. त्यांवर अस्वलं, ससे आणि इंग्रजी वाक्यं, जी बाळाला वाचता येत नाहीत आणि आजीलाही. संक्रांतीला बोरन्हाणात मात्र बाळाला काळंच लागतं, वर हलव्याचे दागिने. एरवी तान्ह्याला वर्ज्य मानलेला हा रंग आता जानेवारीच्या तोंडावर ऑनलाइन बाजारात सेटमध्ये तयार मिळतो: काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. झबल्याच्या मानेमागे महिने छापलेले असतातच.