आकस्मिक आपत्तीतील स्थलांतर व वाहतूक : आंबोली घाटाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : 'नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले' हे वाक्य आपत्तीविषयक शासकीय निवेदनांत हमखास आढळते. या वाक्यात कर्ता नसतो आणि वाहनही नसते. चक्रीवादळाच्या प्रसंगी हे उणेपण झाकले जाते, कारण पूर्वसूचनेचे एक-दोन दिवस हाताशी असतात. दरड असा अवधी देत नाही. प्रस्तुत लेखात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील वाहतूकविषयक तरतुदींची चिकित्सा याच दृष्टीने केली आहे.

कायद्याची भाषा : कलम ३४ अन्वये जिल्हा प्राधिकरणास आपद्ग्रस्त क्षेत्रातील वाहतूक नियंत्रित करता येते. कलम ६५ अन्वये बचावकार्यासाठी खाजगी वाहन अधिग्रहित करता येते आणि कलम ६६ मध्ये स्थानिक प्रचलित भाड्याच्या आधारे मोबदल्याची सोय आहे. मालकाच्या हक्काची बूज राखणारी ही तरतूद आहे. अडचण आहे ती 'लेखी आदेशाद्वारे' या शब्दांत. मध्यरात्री, वीज आणि मोबाईल दोन्ही बंद असताना हा आदेश कोणी काढायचा आणि गाडीमालकापर्यंत कोणी पोहोचवायचा?

आपत्ती, माहिती, आदेश आणि मग वाहन, असा क्रम येथे गृहीत धरलेला दिसतो. माळीणच्या घटनेने तो उलटा ठरविला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील हे गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती वार्ता बाहेर नेली नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. यंत्रणेला माहिती मिळण्यापूर्वीच वाहन तेथे पोहोचले होते! रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. अशा ठिकाणी अधिग्रहणाचा अधिकार कागदावरच राहतो.

आंबोलीचा घाट : सावंतवाडी तालुक्यातील आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. वार्षिक पाऊस सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास असून दरडींमुळे घाट बंद पडणे येथे नवे नाही. खाली दाणोलीमार्गे सावंतवाडी, वर आजरा आणि बेळगाव. घाट बंद झाला तर गाव पूर्णपणे कोंडले जात नाही, हे खरे. परंतु तालुक्याचे रुग्णालय आणि तहसील कार्यालय दरडीच्या खाली राहते, माणसे वर राहतात. खुली उरलेली वाट कोल्हापूर जिल्ह्यात जाते, पुढे कर्नाटकात. सिंधुदुर्गच्या प्राधिकरणाचा आदेश तेथील वाहनाला लागू होत नाही. निसर्गाने जोडलेले खोरे प्रशासनाने तीन ठिकाणी तोडले आहे.

पावसाळ्यातील रविवारी प्रश्न अधिक बिकट होतो. धबधब्यापाशी रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या रांगा लागतात. या पर्यटकांची नावे कोणत्याही गावाच्या यादीत नसतात. त्यांची गाडी हेच सुटकेचे साधन आणि तीच रुग्णवाहिकेच्या वाटेतील अडथळा. अरुंद वळणावर शेकडो गाड्या एकाच वेळी उलट फिरविणे म्हणजे काय, हे घाटात एकदा कोंडी अनुभवलेल्यास सांगावे लागत नाही. त्या क्षणी शिट्टी हाती असलेला पोलीस शिपाई हाच साऱ्या वाहतुकीचा व्यवस्थापक असतो, मग आराखड्यात कोणाचेही पदनाम लिहिलेले असो.

पर्यायाचा विचार : नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. कलम ६५ मध्ये वाहन 'आवश्यक आहे किंवा आवश्यक होण्याचा संभव आहे' अशा दोन्ही अवस्थांचा उल्लेख आहे. शिवाय प्राधिकरणाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यासही आदेश काढता येतो. या दुसऱ्या अवस्थेकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. आंबोली, चौकुळ, गेळे येथील जीप आणि टेम्पोंसाठी असे आदेश मे महिन्यातच काढून ठेवता येतील. अशा अधिकाराचा गैरवापर होईल, हा आक्षेप अगदीच अनाठायी नाही. मोबदल्याची रक्कम वेळेवर न मिळाल्यास दुसऱ्या वर्षी कोणीही मालक गाडी देणार नाही, हेही उघड आहे. तरीही आदेशाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा हा धोका पत्करण्यासारखा आहे. वस्तीला राहणाऱ्या एस.टी.चाही यात समावेश व्हावा. आगाराशी संपर्क तुटला असता गाडी कोणाच्या शब्दावर काढायची, हे चालक-वाहकास पहिला पाऊस पडण्यापूर्वीच लेखी कळविलेले असावे.