गोल्फ कोर्स ‘फायद्यात’ आहे, पण कोणत्या वहीत?

तुम्ही म्हणाल, देवगाव रंगारीच्या पोराला गोल्फचं काय पडलंय? बरोबर आहे. आमच्याकडे अद्रक, मका, कापूस. गोल्फचा अख्खा सामना मी टीव्हीवरही पाहिलेला नाही. पण शहरातल्या मोकळ्या जागांवर पीएच.डी. करताना सार्वजनिक मालकीच्या गोल्फ कोर्सचे जमाखर्च वाचावे लागले. त्यांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ती होती आणि समितीपुढे दहा मिनिटांत उघडी पडली. तुमची पडू नये म्हणून हे लिहितोय.

मी लिहिलं होतं, ‘उत्पन्न चालू खर्चापेक्षा जास्त, म्हणून हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या सक्षम.’ एका सरांनी विचारलं, “जमीन कुठंय यात?” मी म्हणालो, “सर, जमीन तर आधीपासूनच शहराची आहे.”

त्या सुट्टीत घरी आलो तर अण्णा अद्रकाचा हिशोब मांडून बसले होते. बेणं, खत, फवारणी, बाहेरची मजुरी. खाली शिल्लक दिसत होती. मी विचारलं, “अण्णा, तुमची आन् आईची मजुरी धरली का?” ते म्हणाले, “आपलीच आपल्याला कसली मजुरी?” “आन् जमिनीचं? ठोक्यानं दिली असती तर?” “ती आपलीच हाय ना.” म्हणजे माझं समितीपुढचं उत्तर, शब्द सोडले तर तेच.

हमीभावाचा वाद तुम्हाला माहीत असेलच. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्च वेगवेगळ्या पातळ्यांवर काढतो. ए-टू म्हणजे शेतकऱ्यानं खिशातून केलेला खर्च. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरलं की सी-टू. 2018 च्या अर्थसंकल्पात सरकारनं खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर केला. हिशोब ए-टू अधिक एफएलवर होता, शेतकरी संघटना सी-टू मागत होत्या. पीक तेच, शेत तेच, आणि एका वहीत नफा, दुसऱ्या वहीत तोटा.

माझी तक्रार एवढीच की शहराच्या गोल्फ कोर्सचा सी-टू सहसा कुणी मांडत नाही.

आधी हा धंदा चालतो कसा ते बघा. गवताला आज किती जण आले ते कळत नाही. पाणी, कापणी, माळ्यांचा पगार हा खर्च 40 खेळाडू आले तरी तेवढाच आणि 140 आले तरी जवळपास तेवढाच. म्हणून तोटा दिसला की अधिकारी देखभाल कापतात, ग्रीन खराब होतात, खेळणारे दुसरीकडे जातात आणि तोटा वाढतो. गर्दीलाही मर्यादा आहे. दर 10 मिनिटांनी चौघांचा एक गट सोडला आणि सोडायला दिवसाचे 7 तास मिळाले, तर 42 गट, म्हणजे 168 माणसं. 18 होलच्या कोर्सला 50 हेक्टर धरा. हेक्टरी साडेतीन माणसंसुद्धा होत नाहीत. शिवाय ग्रीन आणि पाण्याची पाइपलाइन साधारण 15 ते 30 वर्षांत नव्यानं करावी लागते. त्या घसाऱ्याची तरतूद नसेल, तर दरवर्षीची ‘शिल्लक’ म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाची उसनवारी असते.

न्यूयॉर्कचं फेरी पॉइंट घ्या. कचऱ्याच्या बंद पडलेल्या डेपोवर शहरानं 12 कोटी डॉलरहून जास्त खर्चून कोर्स बांधला. 2015 मध्ये तो सुरू झाला आणि चालवायला ट्रम्प यांच्या कंपनीकडे गेला. पहिली चार वर्षं शहराला शुल्क नाही. नंतर किमान 3 लाख डॉलर किंवा उत्पन्नाच्या 7 टक्के, यातलं जे जास्त असेल ते. क्लबहाउस कंपनीनं बांधायचं होतं, तेही नोंदवा. आता शहराच्या 12 कोटींवर नुसतं 4 टक्के व्याज धरलं, तरी वर्षाला 48 लाख डॉलर होतात. हे व्याज चालवणाऱ्याच्या वहीत येत नाही, म्हणून ती वही छान दिसू शकते. 2023 मध्ये चालवण्याचा हक्क बॅलीज कंपनीनं 6 कोटी डॉलरना घेतला. ‘बघा, कोर्सला किंमत आहे,’ असं लगेच लिहू नका. बॅलीजचा डोळा तिथे कॅसिनो काढण्यावर होता. ती किंमत गोल्फची किती आणि कॅसिनोच्या आशेची किती, हे वेगळं काढल्याशिवाय तो आकडा पुरावा म्हणून चालत नाही.

आता उलट बाजूची चूकही बघा, कारण माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी तीच केली. सगळीकडे सी-टू लावायचं ठरवलं. बाजारभावानं जमीन धरली की शिवाजी पार्कसुद्धा प्रचंड तोट्यात निघतं! मग पोरांनी खेळायचं कुठं? कोर्स नीट चालवला जातोय का, या प्रश्नाला ए-टू पुरतो. ही जागा याच कामासाठी ठेवावी का, याला सी-टू लागतो, आणि त्यासोबत फायदा कुणाला, किती जणांना, हेही. पहिल्या प्रश्नाचा आकडा काढून दुसऱ्याचं उत्तर म्हणून छापायचं, हीच ती चूक. थर्मोडायनॅमिक्समध्ये गणिताआधी सिस्टिमची तुटक रेषा आखत होतो ना, इथंही तसंच. रेषा आधी, आकडे नंतर.

आपल्याकडे करून बघायचं असेल तर खारघर व्हॅली गोल्फ कोर्स घ्या. मालक सिडको, म्हणजे महापालिका नव्हे. 1970 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी जमिनीच्या विक्रीवरच शहर उभारत आली. भूखंडाचा भाव निविदेतून तिला रोज कळतो, म्हणून सी-टूच्या जमिनीच्या रकान्यासाठी भाव शोधायला फार फिरावं लागणार नाही. पण कोर्समुळे शेजारच्या भूखंडांचे भाव चढले असतील, तर तो फायदा कोर्सच्या वहीत नाही, जमीन विक्रीच्या वहीत दिसेल. तोही रेषेच्या आत घ्यायचा की नाही, हे आधी ठरवा. घेणार असाल तर कोर्सपासूनचं अंतर आणि भाव यांचं रिग्रेशन लागेल. शेजारीच सेंट्रल पार्क आहे. भाव चढला तो गोल्फमुळे की बागेमुळे, हे वेगळं करताना घाम फुटेल. माझा अजून फुटतोय.

अण्णांनी वहीत दोन रकाने वाढवलेत. शिल्लक उणे आली, तर म्हणाले, “हे तुझ्या सरांना दाखव, आईला नको.”