गुणांचे ओझे

टीकाकाराने पुस्तकांवरच लिहावे असा एक दंडक आहे. पण ज्या वस्तूसमोर घरोघर रोजची संध्याकाळ जाते, तिची चिकित्सा कोणीच करू नये, हे मला पटत नाही. म्हणून यंदा परीक्षणासाठी मी दूरचित्रवाणी संच घेतला आहे. त्यावरचे कार्यक्रम नव्हेत, प्रत्यक्ष संच.

मुंबईत दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळच्या संचाला बटणे मोजकीच. कान पिळावा आणि चित्र यावे, इतका सरळ व्यवहार. चित्राला मुंग्या आल्या तर कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी. अडचणी होत्याच, पण त्या डोळ्यांना दिसत.

पुढे २०१२ च्या अखेरीस मुंबईत केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि घरात दोन रिमोट नांदू लागले. दोहोंवर चालू-बंदचे बटण, दोहोंवर आवाजाचे. एकाने बॉक्स जागा होतो, दुसऱ्याने पडदा. त्यातच चुकून 'सोर्स'चे बटण दाबले गेले की पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी. संच धड असतो, बॉक्सही धड असतो. तरी घरातल्या आजी 'माझ्याच हातून काही बिघडले' म्हणून गप्प बसतात आणि नातू शाळेतून येण्याची वाट पाहतात. जिने स्टोव्हपासून शिवणयंत्रापर्यंत सारे लीलया हाताळले, तिला स्वतःच्याच घरात परावलंबी करणारी ही रचना आहे. माझा मुख्य आक्षेप हाच.

वापरणारा चुकला तर दोष बहुधा रचनेचा असतो, असे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वस्तूंवरील आपल्या पुस्तकात मांडले. ते मला मान्य आहे. पण ग्राहकही अगदी निर्दोष नाही. थॉम्पसन, हॅमिल्टन आणि रस्ट यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, वापरण्यापूर्वी लोक अधिक सोयींची वस्तू पसंत करतात. वापरून पाहिल्यावर मात्र सुलभतेला अधिक महत्त्व देतात. म्हणजे वस्तू आपण दुकानासाठी निवडतो आणि घरी वापरतो!

मग सोयी वाढूच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. आवडीचा कार्यक्रम सवडीने पाहता येणे हे सुखच आहे. शिवाय बटणांची नुसती संख्या हा खरा निकष नव्हे. पेटीला पट्ट्या काय थोड्या असतात? पण काळी चार दाबली की काळी चारच वाजते. काल वेगळी, आज वेगळी असे होत नाही. रिमोटचे तेच बटण मात्र एका पडद्यावर पुढे नेते, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर काहीच करत नाही. सोयी वाढल्यामुळे नव्हे, तर बटणांनी शब्द न पाळल्यामुळे वस्तू अवघड होते. ती शिस्त लावण्याचे कष्ट कारखानदाराने टाळले की ते घरातल्या सर्वांत दुबळ्या हातांवर येऊन पडतात.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या खरेदीला घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या. विक्रेत्याला क्षणभर थांबवून रिमोट त्यांच्या हाती द्या. संच चालू करणे, आवाज कमी करणे आणि वाट चुकल्यास परत येणे, ही तीन कामे त्यांना जमली तरच संच घरी आणा.