पाच तारे, आणि भिंतीपलीकडचं घर

मागच्या मे महिन्यात आई, बाबा, बहीण आणि मी बार्सिलोनातल्या ग्रासिया भागात पाच रात्री राहिलो. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, छोटासा ओटा, एक बाल्कनी. प्लासा देल सोल हा गजबजलेला चौक दोन मिनिटांवर. आईला मधुमेह आहे, रोज बाहेरचं खाणं तिला झेपत नाही. पहिल्याच सकाळी तिनं तिथे उपमा केला आणि माझी अर्धी काळजी मिटली. परतल्यावर मी ॲपवर पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘अगदी घरासारखं!’

आज ते वाचताना वाटतं, मी अभिप्राय दिलाच नव्हता. फक्त फॉर्म भरला होता.

तो फॉर्म बघा. स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, मालकाशी संवाद, ठिकाण, पैशांचा मोबदला. सहा रकाने. मी पोटापाण्यासाठी असलेच फॉर्म बनवतो, म्हणून सांगतो : ज्या गोष्टीला रकाना नाही, ती सॉफ्टवेअरच्या लेखी घडलेलीच नसते. इथे शेजाऱ्यांना रकाना नाही.

तिसऱ्या रात्री बारा वाजता बहिणीचा वाढदिवस आम्ही बाल्कनीत साजरा केला. गाणी, हसणं, फोटो. शेजारच्या बाल्कनीचं दार उघडलं. एक वयस्कर बाई बाहेर आल्या, काही न बोलता आमच्याकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या. सकाळी जिन्यात भेटल्यावर मी सॉरी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. दर आठवड्याला नवीन माणसाचं सॉरी ऐकत असाव्यात.

घराच्या वर्णनात लिहिलं होतं, ‘चैतन्यमय वस्ती, स्थानिकांसारखं राहा.’ हे चैतन्य येतं कुठून? ग्रासिया १८९७पर्यंत स्वतंत्र नगर होतं, मग ते बार्सिलोनात विलीन झालं. दर ऑगस्टमध्ये तिथल्या उत्सवात रहिवासीच आपापल्या गल्ल्या सजवतात, त्यासाठी आधी कित्येक महिने खपतात. याच रहिवाशांनी २०१७च्या सुमारास प्लासा देल सोलभोवतीच्या बाल्कन्यांत सेन्सर लावले, रात्रीचा आवाज मोजला आणि आकडे पालिकेपुढे ठेवले. चौकातला सगळा गोंगाट आमच्यासारख्या पाहुण्यांचा नव्हे, हे खरं. पण वर्णनात ज्याला ‘चैतन्य’ म्हणतात, ते त्यांच्या सेन्सरवर डेसिबलमध्ये दिसतं.

जून २०२४मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने पुढे चालू ठेवायचे नाहीत, नोव्हेंबर २०२८पर्यंत ही घरं बंद करायची. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं. घरमालकांच्या मते भाडेवाढीचं खापर एकट्या या घरांवर फोडणं चूक आहे. तेही मला पटतं. आईच्या पथ्यासाठी मला उद्याही ओट्याचंच घर हवं असेल. पण माणसं निघून गेली तर गल्ली कोण सजवणार, आणि मग मी ‘ठिकाण’ या रकान्यात तारे कशाला देणार?

हे सगळं मला दिवाळीपर्यंत सुचलं नव्हतं. दिवाळीत पुण्यातल्या आमच्या सोसायटीत शेजारचा फ्लॅट दिवसाच्या भाड्यानं जायला लागला. लिफ्टपाशी रोज नव्या बॅगा, रात्री दीडला चुकून आमचीच बेल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात लांबलचक तक्रार मी टाकली. मग कुतूहलानं त्या फ्लॅटचे अभिप्राय उघडले. जवळजवळ सगळ्यांनी पाच तारे दिले होते. एकानं लिहिलं होतं, ‘शांत सोसायटी, छान शेजार.’

त्या माणसाचा रागही करता येईना. त्याच्याकडेही तेच सहा रकाने होते. पण त्याखाली मोकळी जागाही होती, जशी मलाही होती. तिथे मी ‘अगदी घरासारखं!’ लिहून मोकळा झालो.

माझा अभिप्राय बदलायची मुदत आता उलटून गेली आहे. नाहीतर मी असं लिहिलं असतं : ‘ओटा उत्तम, भांडी पुरेशी. भिंती पातळ आहेत. पलीकडे एक बाई कायमच्या राहतात. अकरानंतर बाल्कनीत बसू नका.’